चेहरा झाकला, होडी विसरलो

पहिल्याच लघुपटात मी माती खाल्ली. मालवणकडे सुकी मासळी विकणारी एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) बाई, चेहरा दाखवायचा नाही या अटीवर, बोलायला तयार झाली. मी चेहरा धूसर केला, आवाज बदलला आणि मागे उभी असलेली तिच्या भावाची होडी तशीच ठेवली. निळ्या पट्ट्यावर पिवळा नांगर. वाडीतल्या पोराने मोबाइलवर अर्धा मिनिट बघून होडी कुणाची ते सांगितलं. कोकणात माणूस चेहऱ्यावरून नंतर ओळखतात. आधी तुळशीवृंदावन, पडवी, होडी. ती ओरडली नाही. "आता भावाक मी काय सांगू?" एवढंच विचारलं. मी फिल्म काढून टाकली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

तेव्हापासून कच्चं संकलन झालं की लॅपटॉप घेऊन, ज्यांची फिल्म आहे त्यांच्याच घरी जातो. "ह्या काढ" म्हटलं की काढायचं, कितीही लाडका शॉट असो. संमतीपत्र मराठीत लिहा, वाचून दाखवा. इंग्रजी नमुन्यावरच्या सहीला काही अर्थ नसतो.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. मराठीत क्रियापद लिंग मागतं. 'कधी आलास' की 'कधी आलीस', हे पहिल्या प्रश्नाआधीच विचारून घ्या. जुनं नाव आणि ऑपरेशन हे विषय आपण काढायचे नाहीत. कागदपत्रांचे काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या 'नालसा' निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क मान्य केला. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींसाठीच्या कायद्याने ओळखपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, अशी प्लास्टिकची पिशवी ती समोर उघडते तेव्हा रडक्या संगीताची गरज राहत नाही.

दशावतारातला साडी नेसलेला नट आणि ती, असे दोन शॉट शेजारी ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला होता. तो नट पहाटे साडी सोडून घरी जातो; तिचं तसं नाही. जोडू नका.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, लोकांना सवड असते. पण पत्र्यावर पाऊस वाजतो, मुलाखत ऐकूच येत नाही, वर लेन्सला बुरशी. म्हणून पावसाळ्यात नुसत्या गप्पा, कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात. शूटिंग दिवाळीनंतर.

पैसे? माझं घर लग्नांच्या आणि होमस्टेच्या व्हिडिओंवर चालतं. मुंबईचा 'कशिश' हा एलजीबीटीक्यू (समलिंगी, पारलिंगी वगैरे) चित्रपटांचा महोत्सव 2010 पासून भरतो. फिल्म पाठवण्याआधी एकदा प्रेक्षक म्हणून जा. थिएटरात लावायची तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरा.

दोन वर्षांनी तीच बाई पुन्हा बोलायला तयार झाली. जागा तिने निवडली: बाजारातली बसायची फळी, मागे ताडपत्री. पडद्यावर फक्त हात, सुके बांगडे निवडताना. आवाज मात्र बदलू नको म्हणाली.