नागपुरात जुन्या कंट्रीची बैठक भरवताय? या चुका टाळा

नागपुरात जुनं कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गिटार-फिडलचं गाणं, वाजवणारे आहेत का, असं विचारलं की लोक हसतात. पण शोधलं की सापडतात. सदर-मोहननगरकडे चर्चमध्ये गिटार वाजवत मोठी झालेली मंडळी आहेत, ऑर्केस्ट्राच्या जमान्यात हवाईयन गिटार वाजवलेले काका आहेत, आणि यूट्यूब बघून बॅंजो-मेंडोलिन शिकलेली कॉलेजची पोरंही आहेत. माणसं जमतात हो. जमल्यावर सगळे एकदम वाजवायला लागतात, तिथून गडबड सुरू होते.

गायक गातोय आणि सगळेच वाजवताहेत

सगळ्यात जास्त बैठका याच चुकीनं मोडतात, म्हणून आधी हिच्याबद्दल. १९२७ साली अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर यांनी कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं केली. ती ऐकून बघा. एक-दोन वाद्यं आणि शब्द न् शब्द स्वच्छ. पुढे गायक हँक विल्यम्सच्या रेकॉर्डवर स्टील (आडवी ठेवून तारांवर दांडी सरकवत वाजवायची गिटार, आपल्या हवाईयनचीच जात) आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) दोन्ही आहेत, पण गाणं सुरू असताना ती एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. ओळ संपली की मधल्या जागेत एक जण चार सूर टाकतो आणि बाजूला होतो.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. हवाईयन गिटार इथल्या लोकांच्या कानात बसली ती व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डमुळे, आणि तिथे गिटारच गाते. त्यामुळे आपले काका मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत धून सोडत नाहीत. सवयच तशी लागलेली. असे दोघे गोलात बसले आणि तिसरा तोंडानं गायला लागला की एकाच गाण्याचे तीन गायक होतात.

उपाय सोपा आहे, फक्त गाणं सुरू व्हायच्या आधी करायचा. जो गाणार त्यानंच सांगायचं: पहिल्या कडव्यात मागे फिडल, दुसऱ्यात स्टील, मधला सोलो मेंडोलिनचा. ज्याचा नंबर नाही त्यानं हलक्या हातानं ठेका धरायचा नाहीतर तारांवर पंजा ठेवून ऐकायचं. दोन स्टील एका वेळी कधीच नकोत. दांडी सरकवून काढलेले दोन सूर केसभर जरी मागे-पुढे झाले तरी कानाला बेसूरच लागतात.

आता हे ज्येष्ठांना सांगायचं कसं? "काका, जरा थांबा ना" म्हणाल तर काका पुढच्या वेळी येणारच नाहीत. "काका, कडव्यात पोराले गाऊ द्या, मधला सोलो पूर्ण तुमचा," असं म्हटलं की काम होते.

याच मंडळींकडून आणखी एक ऐकू येतं: पेडल स्टील नाही, मग कंट्री कशी वाजवणार? या शंकेपायी बैठक अडवू नका. पेडल दाबून सूर वाकवायची ती लकब बड आयझॅक्स यांच्या वादनामुळे १९५४ नंतर पसरली. त्याआधीचा बहुतेक माल साध्या, बिनपेडलच्या स्टीलवरचाच आहे. माळ्यावर धूळ खात पडलेली हवाईयन गिटार त्याला पुरते.

"पाच" म्हटल्यावर दोघं दोन ठिकाणी जातात

कंट्रीवाले कॉर्ड आकड्यांनी सांगतात. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस गायक नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत स्टुडिओसाठी बसवली. गाण्याची पट्टी ‘जी’ (G) असेल तर एक म्हणजे जी, चार म्हणजे सी, पाच म्हणजे डी. आपला हार्मोनियमवाला मात्र "पाच" ऐकून पांढरी पाच दाबतो, म्हणजे जी. गिटार डीवर, पेटी जीवर, आणि गायक दोघांकडे आळीपाळीनं बघतोय.

म्हणून पट्टी तोंडानं सांगा आणि कॉर्ड बोटांनी दाखवा. एक बोट, चार बोटं, पूर्ण पंजा. एकच जण दाखवेल हे ठरवून घ्या. आणि "पट्टी कोणती?" याचं उत्तर दोन्ही भाषांत द्या: "जी, म्हणजे पांढरी पाच."

पट्टी निवडतानाही गंमत होते. आपले गायक सवयीनं काळी एक किंवा काळी चार मागतात. गिटारवाल्याला त्याचं काही नाही. काळी चारला पहिल्या पडद्यावर कॅपो (गिटारच्या मानेवर आवळायचा चिमटा) लावून तो जीचेच आकार धरतो, काळी एकला तसाच सीचे. फिडलवाला मात्र अडकतो, कारण त्याचा हात जी, डी, ए या पट्ट्यांत मोकळा चालतो. बिनपेडलच्या स्टीलच्या उघड्या तारांचाही उपयोग राहत नाही. गायकाला अर्धा सूर खाली-वर व्हायची विनंती करा. गळा बहुतेक वेळा ऐकतो, फिडल ऐकत नाही.

पेटी येणार असेल तर सगळ्यांनी पेटीला लावून घ्यायचं. जुन्या पेट्या बरेचदा ४४० ला (हर्ट्झमधलं ट्यूनरचं नेहमीचं माप) नसतात आणि त्या बसल्या जागी लावता येत नाहीत. पेटीचा एक सूर ट्यूनरला ऐकवा, त्याचं कॅलिब्रेशन त्या आकड्यावर न्या, मग तोच ट्यूनर गोलात फिरवा.

कूलर

बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात हे प्रकरण सापडणार नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ च्या आसपास असतो, कूलर बंद ठेवून कोणी बसणार नाही. पण कूलर सुरू झाला की तीन भानगडी होतात. पहिली आवाजाची: अकूस्टिक गिटार आणि मेंडोलिन त्या घरघरीत बुडतात, मग प्रत्येक जण जोरात मारतो, मग अ‍ॅम्प वाढतात. दुसरी ओलाव्याची: कोरड्या घरातून आलेलं लाकूड ओल्या झोतासमोर ठेवलं की अर्ध्या तासात सूर सरकतात, तारांना गंज लवकर धरतो तो वेगळाच. वाद्यं झोताच्या वाटेतून बाजूला ठेवा, खोली गार झाल्यावर पुन्हा एकदा सगळ्यांना ट्यून करायला लावा.

तिसरी भानगड गुणगुणीची. स्टीलच्या सिंगल-कॉइल पिकअपला (तारांचा आवाज अ‍ॅम्पकडे पोचवणाऱ्या साध्या चुंबकी भागाला) कूलरची मोटर, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा चोक, सगळं ऐकू येतं. आधी वाद्यासकट वादकाला थोडं फिरवून बघा. एका दिशेला गुणगुण एकदम कमी होते, तिथेच खुर्ची टाका. मग सगळे अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि कूलर दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर. तरीही राहिली तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची जाडी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. त्यांना अ‍ॅम्पच्या जवळ फिरकू देऊ नका, शॉक बसून जीव जाऊ शकतो.

खरं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी चार वाजता, एखाद्याच्या गच्चीवर. तिथे अ‍ॅम्पही लागत नाही.

ऑक्टोपॅड घरी ठेवा

नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ओप्री या कंट्रीच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर कित्येक वर्षं ड्रम्सना मज्जाव होता, तो उगाच नाही. या संगीतात बेस पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर आणि मेंडोलिनचा चटका दुसऱ्या-चौथ्यावर, एवढ्यावर गाडी पळते. ढोलकवाले दादा आलेच तर त्यांना तीनच्या चालीची गाणी द्या. दादरा हातात असलेल्या माणसाला वॉल्ट्झ शिकवावा लागत नाही. कहरव्यात मात्र बोल भरायचा मोह आवरत नाही, तो चालू गाण्यात नव्हे, आधीच आवरायला सांगा.

बारीकसारीक

गाणं संपतंय हे कळवायला अमेरिकेत पाय वर करतात. आपण सतरंजीवर बसणार, समोर कोणाची तरी पेटी किंवा फिडल असणार. पाय नको, गिटारची मान उचला.

पोहे खायचे ते वाजवणं संपल्यावर. तर्रीचा हात फिंगरबोर्डला लागला की तो पुसून निघायला आठवडा जातो.

घरात असलात तरी रात्री दहाच्या आत अ‍ॅम्प बंद. उघड्यावर लाउडस्पीकर लावणार असाल तर लेखी परवानगी आधी घ्या, आणि दहा ते सहा तो लावताच येत नाही. गणपतीचे दिवस आणि मारबतीचा दिवस सोडा, तुमचं मेंडोलिन कोणालाच ऐकू जाणार नाही. तिकीट लावायच्या फंदात पडू नका, परवान्याचे प्रश्न उभे राहतात.

फेसबुक लाइव्ह नको. कॅमेरा दिसला की शिकाऊ पोरं हात आखडतात आणि कसलेले लोक कार्यक्रम करायला लागतात. नवख्याला पहिल्या फेरीतच तीन कॉर्डचं गाणं मागा, शेवटी नाही. शेवटपर्यंत थांबला तर तो घाबरून गिटार खोळीत घालतो. आणि पुढची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका. सगळे समोर बसलेले असतानाच ठरवा, ग्रुपवर फक्त अंगठे येतात.