माडाचा गूळ: माडापासून पातोळीपर्यंत

माडाचा गूळ चुलीवर शिजतो, पण तो जमणार की बिघडणार हे वर माडावरच ठरते. पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या कोंबातून, ठिबकणारा रस ताजा असेपर्यंत गोड असतो. यीस्ट लागले की काही तासांत तो आंबतो, त्याची सूर (माडी) होते आणि पुढे शिर्का (व्हिनेगर). आंबटपणामुळे रसातली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मग कितीही आटवा, हाती चिकट पाक येतो, ढेप बसत नाही.

त्यामुळे पहिली काळजी दामोण्याची. पोयीला बांधायचे हे मातीचे मडके गरम पाण्याने धुऊन कडकडीत वाळवावे आणि आतून चुन्याचा पातळ हात द्यावा. चुन्याने आंबणे लांबते. मात्र चुना जास्त झाला तर गूळ काळपट आणि तुरट होतो. रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, न उमललेली पोय दोरीने घट्ट बांधतो, रोज हलके ठोकून नरम करतो आणि मग कातीने टोक छाटतो. तो दिवसातून तीनदा माडावर चढतो. सकाळ-संध्याकाळ रस उतरवायला, आणि दुपारी फक्त पोयीची पातळ चकती काढायला, म्हणजे धार बंद पडत नाही. हे कसबी आणि जोखमीचे काम आहे, ते रेंदेरालाच करू द्या. आपली सुरुवात रस खाली आल्यावर.

रस फडक्यातून गाळा आणि चाखा. जिभेला किंचितही आंबट लागला तर तो सूर म्हणून सान्नांच्या (तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या पदार्थाच्या) पिठात घाला, गुळासाठी नको. गोड असेल तर वेळ न दवडता जाड बुडाच्या पसरट कढईत चढवा. साधारण सात-आठ लिटर रसाचा किलोभर गूळ होतो, तेव्हा कढई मोठीच हवी. सुरुवातीला आच मोठी ठेवा आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहा. फेस उसळून काठावर आला की खोबरेल तेलाचे दोन थेंब टाका, तो खाली बसतो.

रस मधासारखा दाट झाला की आच मंद करा आणि आता कढईपासून हलू नका. करपायला एक मिनिट पुरते. वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडा. तो विरघळला तर अजून आटवायला हवा. बोटांनी त्याची मऊ गोळी वळली की कढई उतरवा. खाली घेऊन घोटत राहा. चकाकी जाऊन पाक जड झाला की साच्यात ओता. पिरॅमिडच्या आकाराची काळसर ढेप ही गोव्याची ओळख. भुरा साखर हवी असेल तर पाक थोडा जास्त आटवा, खाली उतरवून कोरडे दाणे पडेपर्यंत घोटा आणि चाळून घ्या.

विकतचा घेताना गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुकडा मोडून चाखा. अस्सल गूळ मऊसर असतो, धुरकट वास आणि मागून हलकी खारट चव देतो. नुसता गोडमिट्ट लागला तर साखर किंवा उसाचा गूळ मिसळल्याची शंका घ्या. रेंदेर कमी होत चाललेत. ओळखीचा कोणी असेल तर थेट त्याच्याकडूनच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी.

नागपंचमीच्या पातोळ्यांना, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पदार्थाला, हाच गूळ हवा. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला वाटीभर किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून चून (सारण) परता, ओलसर असतानाच उतरवा. भिजवून वाटलेले उकडे तांदूळ हळदीच्या पानावर पातळ पसरा, मध्ये चून भरा, पान दुमडा आणि पंधरा-वीस मिनिटे वाफवा. दोदोल या हलव्यासारख्या मिठाईसाठी गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, मग तांदळाचे पीठ आणि नारळाच्या रसात घाला. मिश्रण कढईचे काठ सोडून तेल दिसू लागेपर्यंत ढवळावे लागते, त्याला घाई चालत नाही. मणगण्यात (हरभऱ्याच्या डाळीच्या खिरीत) मात्र गूळ डाळ मऊ शिजल्यावरच घाला, नाहीतर डाळ टणक राहते. नारळाचा घट्ट रस अगदी शेवटी, उकळी न आणता.

हा गूळ हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात ढेप फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, ओला चमचा लावू नका आणि पाझर सुटलेला भाग आधी वापरा.