काळ्या चिकण रानात उसाचा युरिया पाण्याबरोबर जाऊ नये म्हणून

कॅनॉलचं आवर्तन उद्या येणार म्हटलं की आज संध्याकाळी सरीत युरिया फेकायचा, ही सवय सोलापूर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात नवी नाही. नत्र वाया घालवायचा याहून सोपा मार्ग नाही. काळी माती खत धरून ठेवते हे खरं, पण ती युरिया धरत नाही. विरघळलेल्या युरियाला विद्युतभार नसतो, त्यामुळे पाणी जाईल तिकडे तोही जातो. मातीतल्या युरिएज विकरामुळे त्याचं अमोनियम झालं की मगच ते चिकणमातीच्या ऋणभारित कणांना चिकटतं. ओल्या, उबदार रानात याला दोन ते चार दिवस लागतात, थंडीत आठवडाभर. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नत्र पुन्हा सुटं होतं. म्हणून हप्ते पाडायचे.

आधी रान ओळखा. मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. ५ सेंमीपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर माती भारी चिकण. अडीच सेंमीच्या आतच तुटली तर चिकणमाती कमी. तिथे नत्र खाली झिरपून जातं, म्हणून हप्ते लहान आणि जास्त करा. भारी रानात धोका वेगळा. भिजून फुगलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते सरीच्या शेपटाकडून चरात उतरतं.

सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीची) नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो. सगळं युरियातून दिलं तर २१७ किलो, ४५ किलोच्या पाच गोण्यांना थोडं कमी. डीएपी किंवा १०:२६:२६ अशी नत्र असलेली खतं दिली असतील तर त्यातलं नत्र वजा करा. वाटणी अशी: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) ४०.

४० टक्क्यांचा हप्ता पहारीने द्या. आधी नुसतं पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या. मुठीत गोळा वळावा, पण हाताला चिखल लागू नये. बुडख्यापासून १० सेंमीवर, १०-१५ सेंमी खोल, फुटाफुटावर भोकं पाडा. चार फुटी सरीला एकरात सुमारे १०,९०० भोकं होतात. ८७ किलो युरिया भोकामागे ८ ग्रॅम येतो. बाटलीच्या झाकणात किती मावतो ते किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा तोलून घ्या, अंदाजाने टाकलेला हात नेहमी सैल पडतो. भोक पायाने लगेच बुजवा. आपली रानं चुनखडीची, सामू (pH) आठच्या आसपास. उघड्यावर राहिलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. कोकणातल्या भातखाचरात चार चुडांच्या (रोपांच्या) मधे युरिया-डीएपीची गोळी खोचतात, त्यामागचं कारणही हेच: नत्र पाण्यात नको, चिखलात हवं.

यानंतर निदान चार दिवस पाणी नको. आवर्तन आधीच येणार असेल तर हप्ता पुढे ढकला. आठ दिवस उशिराचा युरिया चालतो, ओढ्यात गेलेला चालत नाही. पाणी देताना सरीचं शेपूट बांधलेलं असावं आणि पाणी तीन-चतुर्थांश सरीपर्यंत पोचलं की दारं मोडावं, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवावं. उरलेली सरी मागच्या पाण्यावर भिजते. रात्री मोटर सोडून झोपायला गेलात तर हे जमणार नाही.

शेपटाचं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवून बघा. तळाशी काळा गाळ बसला, तर त्या कणांना चिकटलेलं अमोनियमही रानाबाहेर चाललंय. धार कमी करा, सरी लहान करा.

उन्हाळ्यात भेगा पडलेल्या रानात पहिलं पाणी थेट भेगांतून मुळांच्या खाली जातं. भेगा कुळवून बुजवा, एक पाणी कोरं द्या, खत त्यानंतर.

पावसात पाणी साचून ऊस पिवळा पडला की हात युरियाच्या गोणीकडे जातो. थांबा. हवा कोंडलेल्या मातीत मुळं काम करत नाहीत आणि नायट्रेटचा वायू होऊन उडतो. वरून टाकलेलं नत्रही त्याच वाटेने जाईल. आधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाफसा आल्यावर पांढरी मुळी दिसते का ते उकरून बघा.