अष्टमीला होडी सोडा: कर्लीच्या खाडीत शिडावर एक दिवस

मालवण तालुक्यातल्या काळशाच्या बाजूने होडी सोडायची, कर्लीच्या खाडीतून, ती समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमाजवळ जायचं, तिथे जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. इंजिन लावलं तर हे दोन-तीन तासांत उरकतं. पण शिडावर अख्खा दिवस लागतो, आणि तोच दिवस मला हवा असतो.

त्यासाठी घड्याळाआधी कालनिर्णय बघा. आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टकही पडताळून घ्या. शुद्ध असो की वद्य, अष्टमीच्या आगेमागे भांग असते, पाण्याला ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. एकदा आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पाणी इतकं झपाट्याने उतरलं की होडी रेतीवर बसली, आणि पोरांना घेऊन तीन तास भरतीची वाट बघावी लागली. तेव्हापासून अष्टमीच.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले धरा. तेव्हा सकाळी जमिनीवरून मतलई वाहते आणि दुपारनंतर समुद्राचा खारा वारा सुटतो. सातला निघालात तर मतलई पाठीशी आणि ओहोटी खालून, दोन्ही तुम्हाला पश्चिमेला नेतात. आमचे काका वल्ह्याला हात घालू देत नसत. "घाई कित्याक? पाणीच नेतला," म्हणायचे.

होडी मिळवणं हेच खरं कष्टाचं काम. खाडीत आता बहुतेक होड्या इंजिनाच्या. गाबीतवाड्यात जाऊन जुन्या मच्छीमारांना विचारा, शीड कोणाच्या माळ्यावर आहे ते त्यांना ठाऊक असतं. उलांडी, म्हणजे बाजूला तोल धरणारा ओंडका, असलेली होडी मागा, ती सहसा कलंडत नाही. चालवणारा तिथलाच हवा, कारण रेतीचे पट्टे दरवर्षी सरकतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही.

शिडाला हात लावायची संधी मिळाली तर एक गोष्ट आधी शिका: शिडाची दोरी हातात धरायची, कधीही बांधून ठेवायची नाही. झोत आला की दोरी सैल सोडायची. शीड फडफडतं, वारा निघून जातो, होडी सरळ होते. मग हळूहळू ओढायची. फडफड थांबून शीड पोटाशी भरलं की दोरी तळव्यात ताठ होते आणि नाळेखाली, होडीच्या पुढच्या टोकाशी, पाणी बोलायला लागतं. तिथे थांबा, आणखी ओढू नका.

न्याहारीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. वाटप खोबरं चांगलं खरपूस भाजून केलेलं असावं, ते टिकतं. ओल्या नारळाच्या रसाची आमटी होडीत नेऊ नका, उन्हात ती नासते. सोलकढीही घरून करून नेऊ नका. नारळाचं दूध आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वेगवेगळ्या बाटल्यांत भरा. दुधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून फळीखाली सावलीत ठेवा, फडकं अधूनमधून भिजवा. दुधात लसूण आणि हिरवी मिरची आधीच वाटून गाळलेली असू दे. प्यायच्या वेळी आगळ थोडं थोडं घालून ढवळा. पांढऱ्या दुधात लाल धार उतरते आणि बघता बघता जांभळट गुलाबी रंग चढतो. मीठ चव बघूनच, आगळात ते असतंच. साध्या पाण्याचे कॅन मात्र भरपूर घ्या. दारू होडीत नको, यात मी कोणाचंही ऐकत नाही.

तारकर्लीशी खाडी दक्षिणेला वळते. उजवीकडे देवबागची चिंचोळी पट्टी, माडांच्या पलीकडे समुद्राची गाज. इथे वारा मंदावतो, शीड पडतं. पडू दे. गप्प बसा, चिपीच्या खारफुटीत खंड्या दिसतो, वर काकण, म्हणजे समुद्री गरुड, घिरट्या घालत असतो.

जेवण देवबागात एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा. खाडीची सुंगटं (कोळंबी) किंवा काळुंदर मासा मागा, सुरमईचा हट्ट धरू नका; सुरमई कुठेही मिळते. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी. संगमाच्या तोंडाबाहेर मात्र जायचं नाही. रेतीच्या बांधावर लाटा फुटतात, आणि शिडाच्या होडीला तिथे आवरायला वाव नसतो.

एकनंतर भरती लागते. खारा वारा वायव्येकडून येतो, म्हणून तारकर्लीपर्यंत तो जरा अंगावर असतो. तिथे भरतीच्या ओढीवर भिस्त ठेवा, लागलंच तर वल्ही घ्या. वळण ओलांडून पूर्वेला तोंड झालं की वारा पाठीशी येतो आणि मग काळशापर्यंत काही करावं लागत नाही. सोलकढीचा शेवटचा पेला मी त्या वळणासाठी राखून ठेवतो.