पिंग जातो, पान उघडत नाही: तैनात फौजांच्या नेटवर्कचं काम शिकताना

पहाटे साडेतीनला नियंत्रण कक्षातला फोन वाजला. पलीकडे हजारो किलोमीटर दूरच्या तळावरची सिग्नल ऑपरेटर होती. "तुमच्या स्क्रीनवर लिंक हिरवी दिसत असेल, पण इथे एकही पान उघडत नाहीये." मी पिंग केला, म्हणजे पलीकडचं उपकरण जिवंत आहे का हे बघायला एक छोटा संदेश पाठवला, आणि उत्तर आलं. तिला म्हटलं, लिंक ठीक आहे, तुमचाच कॉम्प्युटर बघा. तैनात फौजांच्या नेटवर्कवरची माझी ती पहिली मोठी चूक.

दोष शोधायला पाच तास लागले. पिंगचं पॅकेट, म्हणजे एका वेळी जाणारा डेटाचा तुकडा, लहान, म्हणून ते सुखरूप जात होतं. वेबपानाची पॅकेट्स पूर्ण १५०० बाइटची होती. त्यांच्यावर टनेलचं (दोन टोकांमधल्या खासगी वाटेचं) आणि एन्क्रिप्शनचं वेष्टन चढलं की ती वाटेत मावत नव्हती. अशा वेळी मधला राउटर पाठवणाऱ्याला आयसीएमपी संदेश, म्हणजे अडचण कळवणारा निरोप, पाठवतो: पॅकेट मोठं आहे, लहान कर. पण वाटेतल्या एका फायरवॉलवर कुणीतरी सुरक्षेसाठी म्हणून सगळाच आयसीएमपी बंद करून ठेवला होता. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला आणि ते पुन्हा पुन्हा गळत राहिलं. शेवटी राउटरवर टीसीपीचा (पोच घेत डेटा पाठवण्याच्या पद्धतीचा) एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १३६० बाइट केला आणि पानं उघडू लागली. एका ओळीचं काम होतं.

तेव्हापासून कुठलंही नेटवर्क आखताना मी पलीकडच्या टोकापासून सुरुवात करतो. तंबूतल्या टेबलाशी बसलेल्या माणसाला काय दिसतं, तो कशाला 'चालू आहे' म्हणतो, हे आधी. या क्षेत्रात येणारे बहुतेक जण उलटं शिकतात. आधी मोठे राउटर, मग डेटा सेंटर, आणि तळावरची पेटी सगळ्यात शेवटी. एवढी एक सवय मोडलीत तरी बरीच मजल माराल.

ढोबळमानाने साखळी अशी असते. तळावर चाकांच्या कडक पेट्यांमध्ये राउटर, स्विच, एन्क्रिप्शनचं उपकरण आणि बाहेर डिश. तिथून उपग्रह. उपग्रहावरून भूस्थानक, आणि तिथून फायबरने मुख्यालयं, डेटा सेंटर, रुग्णालयं. यातला एकेक तुकडा उभा करणं तितकं अवघड नाही. अवघड आहे ते सगळे तुकडे मिळून एकच नेटवर्क वाटावं अशी जोडणी करणं.

ही जोडणी नसली की काय होतं, याचं उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धात आहे. कुठलं विमान कधी कुठे जाणार याचा रोजचा आदेश शेकडो पानांचा असे. अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू नौकांना तो नेटवर्कवरून घेता येत नव्हता, म्हणून तो रोज विमानाने जहाजावर पोचवावा लागला. अफगाणिस्तानातल्या नाटोच्या मोहिमेत चाळीसहून अधिक देशांच्या फौजा होत्या आणि सुरुवातीला ज्याचं त्याचं नेटवर्क वेगळं. २०१० मध्ये अफगाणिस्तान मिशन नेटवर्क उभं राहिलं तेव्हा कुठे त्यांना सामाईक जागा मिळाली. पुढे त्याच अनुभवातून नाटोचं फेडरेटेड मिशन नेटवर्किंग, म्हणजे देशोदेशीची नेटवर्क जोडण्याची चौकट, आलं. त्यातला फार मोठा भाग नियमांचा आणि करारांचा आहे. पत्ते कुणी वाटायचे, नावं कशी ठेवायची, कुणाचं डिजिटल प्रमाणपत्र (उपकरणाच्या ओळखीचा पुरावा) कुणी मान्य करायचं, बिघाड झाला तर पहिला फोन कुणाला करायचा.

नवख्यांना हा कागदी भाग कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटायचा. मग एका सरावात दोन तुकड्या जोडायच्या होत्या आणि दोघींनी आपापल्या जाळ्यात १९२.१६८.१.० हेच पत्ते वापरलेले. घाईत मध्ये नॅट, म्हणजे पॅकेटवरचे पत्ते बदलणारी सोय, टाकला. ईमेल चालू झाले, पण फोनचा आवाज एकाच बाजूने येऊ लागला, कारण फोनची यंत्रणा आपला पत्ता पॅकेटच्या आतल्या मजकुरात लिहिते आणि आमचा नॅट फक्त बाहेरचा पत्ता बदलत होता. जखमींना हलवण्याच्या सरावात डॉक्टरला पलीकडचं बोलणं ऐकू येत नाहीये, हे मी तिथे उभं राहून पाहिलं. त्या दिवसापासून पत्त्यांचा तक्ता हा माझ्यासाठी कुठल्याही उपकरणाइतकाच महत्त्वाचा आहे.

आता उपग्रहाबद्दल. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर तसंच परत येणार, त्यामुळे प्रकाशाच्या वेगानेसुद्धा अर्धा सेकंद जातो आणि प्रत्यक्षात साधारण सहाशे मिलिसेकंद लागतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांनी हा वेळ खूप कमी केला आहे, तरी भूस्थिर लिंक अजून सर्रास भेटते. टीसीपीची मूळ विंडो ६४ किलोबाइटची. तेवढा डेटा पाठवून पोच येईपर्यंत थांबायचं, म्हणजे लिंक कितीही मोठी असली तरी एका कनेक्शनला सेकंदाला सुमारे ८७० किलोबिटच मिळणार. हे गणित एकदा कागदावर स्वतः करून बघा. १९९२ मध्ये विंडो मोठी करण्याची सोय प्रमाणित झाली. वेग वाढवणारी खास उपकरणंही मिळतात, पण ती टीसीपीचा मथळा (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) वाचूनच काम करतात. एन्क्रिप्शननंतर लावली तर त्यांना वाचायला काही उरतच नाही. ती एन्क्रिप्शनच्या आधी, दोन्ही टोकांना लावायची. नेमकी ही गोष्ट चुकलेले आराखडे मी एकाहून जास्त वेळा पाहिले आहेत.

सरावासाठी डिश विकत घ्यायची गरज नाही. लिनक्सवर नेटेम हे साधन वापरून लिंकला सहाशे मिलिसेकंद उशीर आणि एक टक्का गळती लावा, आणि आठवडाभर स्वतःचं सगळं काम त्याच लिंकवरून करा. वायरशार्क (जाणारी-येणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) उघडा ठेवा. पुस्तकात वाचलेलं हे प्रत्यक्षात किती चिडचिड करायला लावतं ते कळेल, आणि तळावरून येणाऱ्या फोनकडे तुम्ही वेगळ्या कानाने ऐकाल.

आणखी एक ध्यानात ठेवा. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही दिवस, रोज काही मिनिटं, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि लिंक पडते. याच्या वेळा आधी काढता येतात. त्या काढून तळाला आठवडाभर आधी कळवा, म्हणजे तिथे कुणी डिश हलवत बसणार नाही. डिश जागेवरून हलली की खरा खोळंबा होतो.

दूरच्या राउटरवर काम करणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिच्याशेजारीच कुऱ्हाड चालवणं. एक चुकीची ओळ आणि तुमचा स्वतःचाच रस्ता बंद. पुढचं हेलिकॉप्टर जाईपर्यंत तिथे कुणी पोचणार नाही. म्हणून बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो) द्या, किंवा उपकरणावर सोय असेल तर 'कमिट कन्फर्म्ड' वापरा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांत राउटर आपोआप जुन्या सेटिंगवर येतो. सगळं ठीक झालं की मग रीलोड रद्द करायचा, किंवा कमिट पक्का करायचा.

घड्याळाचंही तसंच. एका तळावर वीज गेली, राउटरची आतली बॅटरी आधीच मेलेली, आणि वीज आल्यावर राउटर उठला तो थेट १९९३ सालात. त्या तारखेला आमची प्रमाणपत्रं अस्तित्वातच नव्हती, म्हणून टनेल उभं राहीना. टनेल नाही, म्हणून वेळ सांगणारा सर्व्हर दिसेना. तिथल्या ऑपरेटरने फोनवर माझ्याबरोबर एकेक अक्षर वाचत हाताने वेळ घातली. तारीख यूटीसीतच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच, घालायची हे त्याला माहीत होतं, म्हणून वाचलो. नोंदी सगळीकडे यूटीसीतच ठेवा. चार देशांचे लॉग शेजारी ठेवून बिघाड शोधायची वेळ येतेच.

सुरक्षेवर अख्खी पुस्तकं आहेत, मी दोनच गोष्टी सांगतो. २००८ मध्ये पश्चिम आशियातल्या एका तळावर लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी ड्राइव्हमधून घातक कोड अमेरिकी लष्कराच्या गोपनीय नेटवर्कपर्यंत पोचला. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवरच्या आक्रमणाच्या दिवशी, केए-सॅट उपग्रहाच्या सेवेवरचे हजारो मोडेम निकामी झाले. उपग्रहाला धक्काही लागला नव्हता. हल्लेखोर आत शिरले ते मोडेम सांभाळणाऱ्या व्यवस्थापनाच्या नेटवर्कमधून. व्यवस्थापनाचा रस्ता नेहमी वेगळा आणि सगळ्यात कडेकोट ठेवा. उघडा मजकूर वाहणारी 'लाल' वायर आणि एन्क्रिप्ट झालेली 'काळी' वायर यांच्यात अंतर का ठेवतात, हेही पहिल्याच दिवशी समजून घ्या.

प्रवेशाचं म्हणाल तर सिग्नल शाखेत भरती होऊन येता येतं किंवा नागरी इंजिनिअर म्हणून. दोन्हीकडे पार्श्वभूमीची चौकशी होते आणि ती महिनोन्‌महिने चालू शकते. त्या काळात हाताने सबनेटिंग (पत्त्यांची विभागणी), ओएसपीएफ आणि बीजीपी (राउटर वाटा ठरवतात त्या पद्धती), आयपीसेक (एन्क्रिप्शनचं टनेल) आणि लिनक्स पक्कं करा. मी मुलाखत घेतो तेव्हा 'पिंग जातो, पान उघडत नाही' हाच प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं तरी चालतं. उमेदवार पलीकडच्या माणसाला आधी काय विचारतो, हे मी ऐकतो.

शेवटची गोष्ट कुठल्या अभ्यासक्रमात सापडणार नाही. तळावर सैनिकांना घरी बोलण्यासाठी वेगळं नेट असतं. कुणी दगावलं की अनेक ठिकाणी ते लगेच बंद केलं जातं, म्हणजे ती बातमी घरच्यांना कुण्या भलत्याच्या मेसेजमधून कळू नये. पहिल्यांदा तो आदेश माझ्याकडे आला तेव्हा मला कळलं, की आमच्या आराखड्यात घरचे कॉल आणि वैद्यकीय मदतीचे कॉल एकाच व्हीलॅनवर (स्विचवर आखलेल्या एकाच वेगळ्या जाळ्यावर) आहेत. एक बंद करायचं तर दुसरंही पडणार होतं. आम्ही पोर्ट एकेक करून हाताने बंद केले. त्याला चाळीस मिनिटं लागली. आता माझ्या प्रत्येक आराखड्यात घरच्या कॉलचा रस्ता पहिल्यापासून वेगळा असतो, आणि तो बंद करण्याची एका ओळीची आज्ञा पहिल्याच पानावर लिहिलेली असते. तिच्याखाली तो पुन्हा चालू करण्याची.