मेणवली पाहायची तर वाईहून चालत जा

वाईहून मेणवली जेमतेम तीन-चार किलोमीटर. बहुतेक जण गाडी थेट नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी लावतात, अर्ध्या तासात फोटो काढून परततात. माझं ऐका, गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या आणि सकाळी सातच्या आत पायी निघा. दोन्हीकडे उसाची शेतं आहेत, हवाही थंड असते.

पोहोचल्यावर आधी घाट, मग वाडा. कृष्णेचा हा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. उन्हं चढली की दगड तापतो, अनवाणी पाय ठेवता येत नाही. मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा मात्र सावकाश पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथली ही पोर्तुगीज घंटा. वाकून जवळून पाहिलंत तर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसेल. शंकराच्या दारात ती इतकी वर्षं नांदतेय, हे पाहून मला दर वेळी भरून येतं. ती वाजवू नका.

वाड्याला सहा चौक आहेत, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. वाडा खाजगी आहे, तेव्हा राखणदाराला विचारूनच आत जा. चित्रांना हात लावू नका, फ्लॅशही मारू नका.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. शिवाय वरच्या अंगाला धोम धरण आहे. पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते, त्या दिवसांत खालच्या पायऱ्यांवर उतरू नका. पाण्याची बाटली आणि पकड असलेल्या चपला घ्या.