‘लोक समजून घेतील’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

कंपनीतला एखादा निर्णय बरोबर असतो, आकडे जुळलेले असतात, तरी जाहीर झाल्यावर महिन्याभरात कुरकुर सुरू होते. मग वर बसलेले म्हणतात, ‘लोकांना बदल नकोच असतो.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पगारवाढ हाही बदलच आहे की, तिला विरोध झालेला पाहिलाय कुणी? लोकांना तोटा नको असतो. आपल्या निर्णयात कुणाचा काय तोटा आहे, हे आधी बघायला आपल्याला कंटाळा येतो, इतकंच.

फायदा मोजणे, तोटा न मोजणे

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की, जेवढा लाभ सुखावतो त्यापेक्षा तेवढाच तोटा जास्त बोचतो. तरी सादरीकरणात चौदा स्लाइड फायद्याच्या असतात आणि कुणाच्या हातून काय जाणार याची एकही नसते.

मी एका कंपनीत असताना तिथल्या नव्या ऑपरेशन्स प्रमुखांनी ठरवलं की, रजा यापुढे सुपरवायझर मंजूर करणार नाहीत, सगळे अर्ज थेट एचआरकडे जातील. हेतू चांगला होता. वशिलेबाजी थांबेल, सगळ्यांना एकच नियम लागेल. कामगार खूश होतील असा त्यांचा अंदाज होता आणि सुरुवातीला ते झालेही. सुपरवायझरांचा विचार मात्र कुणाच्या मनातही आला नाही.

खरं तर रजा हे त्यांच्या हातातलं एकमेव चलन होतं. ‘आज लवकर जा, शनिवारी ऑर्डर निघायची आहे तेव्हा थांब’, या तोंडी देवघेवीवर अख्खी शिफ्ट चालायची. ती बंद झाली. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. सुपरवायझर फक्त नियमाने वागू लागले. ऐनवेळी माणूस कमी पडला की उत्तर यायचं, ‘एचआरला विचारा.’ जादा थांबायला सांगितलं की कामगार म्हणायचे, ‘लेखी द्या.’ माल उशिरा जाऊ लागला तेव्हा प्रमुखांनी शिस्तीवर भाषण दिलं. शिस्त तर सगळे पाळतच होते, पंचाईत तीच होती!

माझी सवय सांगतो. निर्णय पक्का होण्याआधी एक कागद घ्यायचा आणि विभागांची नव्हे, माणसांची नावं लिहायची. प्रत्येकापुढे एकच गोष्ट: याच्या हातून काय जाईल? पैसा, अधिकार, सोयीची वेळ, जवळची जागा, ‘हे यालाच जमतं’ हा मान. एखाद्या नावापुढे काही सुचलं नाही, तर त्या माणसाचं काम मला कळलेलं नाही असं मी धरतो. आणि हा कागद संगणकावर करू नका, चुकून मेल होतो.

बैठकीतल्या शांततेला होकार समजणे

‘कुणाला काही शंका?’ असं सर्वांसमोर, घड्याळाकडे बघत विचारायचं आणि कुणी बोललं नाही की ‘सगळे सोबत आहेत’ असा अहवाल वर पाठवायचा. बढतीची चर्चा तोंडावर असताना शंका काढेल कोण? खरी बैठक नंतर चहाच्या मशीनपाशी भरते, तिथे तुम्हाला बोलावणं नसतं.

ज्यांना सर्वांत जास्त झळ बसणार अशा दोघा-तिघांना मी आधीच एकेकटं गाठतो. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘छान आहे’ एवढंच मिळतं. म्हणून मी विचारतो, ‘समजा वर्षभरात हे सपशेल फसलं, तर कशामुळे फसलं असेल?’ ही युक्ती गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची, मी फक्त वापरतो. टीका करायची परवानगी मिळाली की गप्प माणसंही धडाधड बोलतात.

कारण न सांगणे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास बघा. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत काही आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापला. एकीकडे नीट, आपुलकीने कारणं सांगितली, दुसरीकडे जेमतेम. कपात सारखीच, पण जेमतेम सांगितलं तिथे कामगारांकडून होणाऱ्या चोऱ्या बऱ्याच जास्त वाढल्या.

आपलं घड्याळ लोकांना लावणे. तुम्ही तीन महिने घोळवलेला निर्णय त्यांनी पाच मिनिटांत पचवावा, ही अपेक्षाच चमत्कारिक.

स्वतःवरून जग ओळखणे. ‘मला तर चाललं असतं.’ तुम्हाला चालेलच, केबिन तुमची आहे.

निनावी फॉर्मवर विसंबणे. पाच जणांच्या टीममध्ये निनावी काही नसतं, अक्षराऐवजी वाक्यरचना ओळखली जाते.

शुक्रवारी संध्याकाळी मेल पाठवणे. दोन दिवसांत विरोध थंड होतो असं नवख्या मॅनेजरांना कुणीतरी शिकवून ठेवलंय. प्रत्यक्षात दोन दिवस अफवा पिकतात आणि सोमवारी तुम्हाला मेलमधल्या निर्णयाऐवजी अफवांवर बोलावं लागतं. अशा मेलचा तयार मजकूर मागणाऱ्यांनाही माझ्याकडे काही मिळत नाही. आधी कुणाच्या हातून काय जाईल तो कागद लिहून आणा, मग मजकूर बघू.

आणि जाहीर केल्यानंतरचा आठवडा स्वतः रजेवर जाऊ नका. पहिले दोन दिवस जे तावातावाने भांडायला येतात त्यांच्याशी बोलता येतं. पूर्वी रोज काहीतरी सुचवणारा माणूस ‘जसं तुम्ही म्हणाल तसं’ म्हणू लागला, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा.